चार बोटं पुढे

नळीचं एक टोक मी धरलं होतं,
दुसरं ओरेस्ट हावरिल्युकनं,
आणि मधल्या सात फुटांत सगळा वाद.

सस्कॅचेवानचा जानेवारी, उणे एकतीस.
शेडमधली शेगडी स्वतःपुरती तापलेली.
काँक्रीटवर खडूनं काढलेली कमान,
विमानाच्या दाराची, पूर्ण मापाची.
आमच्या बुटांचा बर्फ तिच्यावर वितळायचा
आणि तो पुन्हा पुन्हा गुडघ्यांवर बसून
पुसलेली रेघ गिरवायचा.

पाऊण इंची पोलादी नळी.
भिंत नखाएवढी पातळ, पण अंगात केवढी मस्ती!
प्लायवूडच्या साच्याला टेकेपर्यंत निमूट वाकते,
वाटतं, आली वळणावर.
क्लॅम्प सैल केला की
चार बोटं मागे.
मोजून चार.

मोडेन पण वाकणार नाही म्हणणारे परवडले,
त्यांचं काय करायचं ते ठरलेलं असतं.
ही वाकते. हो म्हणते.
पाठ फिरली की होती तिथे.

मी सतरा वर्षांची, लगेच चिडणारी.
मी अंगाचा सगळा भार टाकला.
"दांडगाई नको," तो म्हणाला,
"हवी तिथे नेलीस तर राहणार नाही.
त्याच्या पुढे ने. मग येऊ दे तिची ती मागे."
आणि करवत घेऊन साचा नव्यानं कापायला बसला,
चार बोटं जास्त वळणाचा.

खालच्या कोपऱ्यात मात्र वळण आखूड.
तिथे पहिली नळी पिचकली,
आतल्या अंगाला, चिमटा काढावा तशी.
त्यानं ती दिव्याखाली फिरवून पाहिली.
"टोमॅटोला होईल," म्हणाला, आणि भिंतीला टेकवली.

मग वाळू.
नदीची, थंडीआधी पोत्यात भरून ठेवलेली,
ओलेस्याच्या ओव्हनमध्ये पायच्या ताटलीत भाजलेली.
ओली राहिली तर तापल्यावर वाफ धरते
आणि लाकडी बूच गोळीसारखं सुटतं.
त्या आठवड्यात पावात दाताखाली कचकच आली.
ओलेस्या बोलली काही नाही,
तो तुकडा तेवढा त्याच्या ताटात सरकवला.

वाळू भरत मी नळीवर हातोडी वाजवत राहायची,
टण टण टण,
आवाज ठक्क येईपर्यंत.
मग ज्योत. मग तो मंद लाल,
फुंकर घालण्याआधीचा निखारा असतो तसा.
"आता हळू. आणि गार तिचं तिला होऊ दे."

भिंतीवरच्या नकाशात दार एवढं रुंद नव्हतं.
मी दोनदा मोजलं, मग विचारलं.
तो कानशीनं नळीची धार मारत राहिला.

उत्तर गुरुवारी आलं, ओव्हरकोट घालून,
काठी टेकत.
उघड्या सांगाड्यात दुधाचा क्रेट उपडा ठेवला होता,
त्यावर ओलेस्या बसली.
उजवा पाय समोर सरळ,
ऑक्टोबरपासून गुडघ्यात धातू,
एका मर्यादेपुढे दुमडत नाही.
ओरेस्टनं वाकून तिच्या टाचेपाशी खडूची खूण केली.
"अजून?"
"अजून दोन बोटं. पण मी बसणार असं म्हणालं कोण?"
"कोणी नाही," तो म्हणाला, आणि दोन बोटं मोजली.

शनिवारी आम्ही ती कमान रेघेवर उतरवली,
ताणलेलीच, दोघांनी दोन्हीकडून.
माझं टोक आधी सोडायचं होतं.
सावकाश, तो म्हणाला, सावकाश, मग नुसतं ओठांनी.
नळी मागे आली,
खडूपर्यंत आली,
थांबली.
एका जागी नाण्याएवढी फट, ती पुढे जोडात गेली.
तो मात्र कितीतरी वेळ तळवे उघडे धरून तसाच बसला,
अजून कुठे हलली तर असावेत म्हणून.

पिचकलेली नळी जूनमध्ये खरंच टोमॅटोला लागली.
विमानाच्या पंखांना अजून कापड चढायचं आहे.
ओलेस्या अजूनही म्हणते, बसणार असं म्हणालं कोण.
परवा तिचा कोट खुंटीवरून काढून देताना
खिशातून कापसाचे दोन बोळे पडले,
कानात घालायचे,
नीट वळून ठेवलेले.