बारा फूट सहा इंच

टेपचं एक टोक वसंताच्या हातात, दुसरं माझ्या.
मधे युरियाची पोती.
सोसायटीचे सेक्रेटरी इंगवले दारातूनच म्हणतात,
"मापं घ्या, नकाशा करा, फाईलला लावा.
पाडायचं तर हायच की ओ,
पर कागद पायजे."

कसबा बावड्यात, नदीकडं उतरणाऱ्या उसाच्या कडेला
हे घर उभं आहे,
चुकून भलत्याच लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखं,
निघावं की जेवून जावं, कळेना.

छपराला केवढा उतार!
बर्फ घसरून पडावा म्हणून.
बर्फ काही आला नाही.
वानरं आली, कौलं फोडून गेली,
दर दिवाळीला कुणीतरी वर चढून शिव्या दिल्या.

हार्ग्रीव्ह नावाचा रस्त्यांचा इंजिनिअर.
गावानं त्याचं हरगिरी केलं.
त्यानं म्हणे आठवणीतून काढलं
आपल्या बापाचं खेड्यातलं घर:
खाली दोन खोल्या, वर दोन,
खिडक्या ठेंगण्या, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.
पहिल्याच चैत्रात त्या उबेनं
मडमेची खाट अंगणात काढली.
ओसरी नकाशात नव्हतीच.
ती मागून चिकटवलेली,
सांधा अजून दिसतो, बोट घालून बघितलं मी.

चुन्यात शेजारच्या गुऱ्हाळातला गूळ, हिरड्याचं पाणी.
दगडांच्या फटीत मुंग्या फिरतात आजही,
चव लागत असेल का, देव जाणे.
एकोणीसच्या महापुराची रेघ
माझ्या छातीला लागते.
रेघेखालचा एक दगड हललेला नाही.

आणि ही धुराडी.
खाली माणूस उभा राहील एवढी चूल,
जिच्यात कधी भाकरी झाली नाही.
वर पाकोळ्या, आत शेअर्सची रजिस्टरं.
चुलीच्या माथ्यावर साहेबाला हवी होती ओकची पानं.
बाबालाल गवंड्यानं ओक कुठं बघितलेला?
साहेबानं हवेत बोटानं पान काढलं, कड नागमोडी.
बाबालालनं मान हलवली
आणि पळसाची तीन कोरली, शिरांसकट.
साहेब बराच वेळ बघत राहिला
आणि "ठीक" म्हणाला.
हे मला बाबालालच्या पणतूनं सांगितलं,
तो आता फरशी बसवतो, राजारामपुरीत.

मापं जुळेनात.
हरगिरीच्या पिवळ्या कागदावर खोली बारा फूट.
टेप म्हणतो बारा फूट सहा इंच.
मागली साडेनऊची, दीड इंच कमी.
वसंता म्हणाला, टेप ताणलाय.
परत धरला. तेच.
मी वहीत चुका लिहीत गेलो,
इथं अर्धा फूट जास्त, इथं दीड इंच तूट,
साहेबाची गडबड की गवंड्याची, असं काहीतरी समासात.

दुपारी पोत्यावर बसून डबा खाताना
सहज भागाकार केला.
एकशेपन्नास इंचाचे आठ भाग.
साडेबाराशे मिलिमीटर नव्हे, फूट नव्हे,
पावणेएकोणीस इंच.
मागल्या खोलीचे सहा. पावणेएकोणीस.
जिन्याच्या भिंतीचे चार. तेच.
फुटाचा कागद साहेबाच्या हातात राहिला,
भिंत उभी राहिली बाबालालच्या हातावर,
कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.

हात धुऊन आलो.
कोपर कोपऱ्यात टेकवला, पंजा उघडून भिंतीवर ठेवला,
मग पुढं सरकवला, पुन्हा ठेवला,
आठ वेळा.
वसंता हसत होता. इंगवले घड्याळ बघत होते.
आठव्यांदा बोट टेकलं तिथून
दार अजून चार इंच पुढं होतं.

माझा हात अर्ध्या इंचानं तोकडा आहे.

नकाशाच्या खालच्या चौकटीत एकच ओळ असते:
रचनाकार.
मी तिथं पेन टेकवून बसलोय.
इंगवले विचारतायत, "झालं का?"