होडीत कुणाला बसवायचं

बाहेरून काहीच कळत नाही.
मातकट भिंत, लोखंडी फाटक, फाटकावर फक्त नंबर.
रास अल खैमाहच्या टॅक्सीवाल्याला चर्च म्हटलं
तर तो आधी शाळेपाशी थांबतो, मग गोदामापाशी,
मग कपाळाला हात लावतो : अच्छा, शुक्रवारवाले!

हो. आमचा रविवार शुक्रवारी यायचा तेव्हाची गोष्ट.

फादर सिरियाक म्हणाले, वेदीमागची भिंत मोकळी आहे,
आपण इथे कशासाठी आहोत
ते तिच्याकडे बघून कळायला हवं.
मी मनात म्हटलं, बाराशे दिरहम, अधिक ओव्हरटाइम.
पण मी समितीत नव्हतो.
मी टाइल कापणारा.

समितीत होडी ठरली. होडीला कुणाची ना नव्हती.
वाद पेटला होडीत कुणाला बसवायचं यावर.
मल्याळी म्हणाले, संत थोमा, तो समुद्रावरूनच आला.
मारिसेल नर्स म्हणाली, बायका बसवा,
दोन-दोन देशांतली घरं आम्ही ओढतो.
नुहादबाईंना शिडावर देवदार हवा होता.
कायतान म्हणाला, निदान मासे नीट काढा,
गेल्या पडद्यावरची सुरमई
योनाला गिळायला निघाल्यासारखी दिसत होती.
तीन शुक्रवार गेले.
मग फादर चष्मा पुसत म्हणाले,
रिकामीच ठेवू.

तुकडे शेरजमानने दिले.
टाइलच्या कारखान्यात नापास माल निवडतो तो,
पेशावरचा, एक नमाज चुकवत नाही.
कशाला हवेत, विचारलं नाही.
समुद्र करणार म्हटल्यावर एवढंच म्हणाला,
एका निळ्याने भागत नाही, यार,
आणि दुधाच्या पावडरीच्या डब्यांतून
सात निळे घेऊन आला.
सातवा जवळजवळ काळा.
हा रात्रीच्या पाळीतला, म्हणाला.

मोठ्या टाइल बसवताना चार कोपरे जुळतात तिथे
प्लॅस्टिकची एक फुली ठेवावी लागते, नखाएवढी,
फट सारखी राहावी म्हणून.
माझ्या खिशात कायम मूठभर असतात.
मसाला भरला की त्या आत जातात, दिसत नाहीत.
बावीस मजली टॉवर, विमानतळाची न्हाणीघरं,
कुणा साहेबाचं स्वयंपाकघर :
किती ठिकाणी पुरून आलो, मोजलं नाही.
कुणाला दाखवायच्या नव्हत्याच.
भिंत सरळ राहिली म्हणजे झालं.

इथे मात्र त्यांचं काम नव्हतं.
फुटक्या तुकड्यांच्या फटी सारख्या नसतात.
तीन महिने मी तिरप्याला तिरपं शोधत राहिलो,
कॅम्पात जेवतानासुद्धा
भाकरीचा तुकडा फिरवून बघायचो.

काम झालं त्या रात्री उत्तनला फोन लावला, व्हिडिओवर.
आई सुकतीवरचे बोंबील काढून नुकती टेकली होती.
फोन भिंतीसमोर धरला. शीड दाखवलं, लाटा दाखवल्या,
सातवा निळा दाखवला.
ती बराच वेळ गप्प.
मला वाटलं डोळे भरून आले असणार.

आन् सुकान रं? सुकान कुठं हाय?

मी वळून बघितलं.
समितीत पाच भाषा, नकाशावर चार सह्या,
मी तर तीन पिढ्यांच्या नाखव्याचं पोर.
होडीला सुकाणू नव्हतं.

फादरना उठवून सांगितलं.
ते आधी हसले, मग हसायचे थांबले,
मग म्हणाले, सकाळी गर्दी होईल, तुला जमेल का?

कॅम्पाच्या मोरीचा उंबरा गेल्या महिन्यात फुटला होता,
विटकरी, सगळ्यांच्या टाचांनी गुळगुळीत झालेला.
तो तुकडा बॅगेत का ठेवला होता, सांगता येणार नाही.
मागच्या टोकाचे पाच निळे खरवडून काढले,
मसाला लावला, तुकडा दाबला.
जाड होता. घसरायला लागला.
टेकू द्यायला काही नव्हतं,
फळी नाही, चिकटपट्टी नाही.

मग हात लावून उभा राहिलो.
मसाला धरायला निदान दोन तास.
पाचला साइटची बस.
सुकाणवाल्याने असंच उभं राहायचं असतं म्हणतात,
पण माझा खांदा दुखत होता,
आणि कोळणीच्या पोराला
लघवीला जायचं होतं.