आता

बोगदा संपतो तसा एकदम उजेड,
आणि म्हातारा काचेवर बोट टेकवून सुरू होतो :
ते खोगीर. त्यामागे दोघी बहिणी.
तो बसलेला उंट,
त्याचं वशिंड यंदा लवकर पांढरं झालं.

बिश्केक ते ओश, सत्तावीस वर्षं बस हाकली त्यानं,
बुरमा गाडी चालवता चालवता सांगते.
नकाशातली नावं त्याला कधी पटलीच नाहीत.
ती बापाला हाक मारते : आता.
त्यांच्या बोलीत आता म्हणजे बाप.
मला दर वेळी वाटतं, काहीतरी घडणार आहे.

सुसामीरच्या पठारावर मेंढ्या आडव्या येतात, आम्ही थांबतो.
पुन्हा बोट : ती विधवा.
पुढच्या वळणावर : तुटका दात.
"आता, तो मघाचाच उंट आहे.
आपणच फिरून आलो."
सुटे नाहीत म्हणणाऱ्या प्रवाशाकडे पाहावं
तसं तो तिच्याकडे पाहतो.

सकाळपासून त्यानं तिला दोनदा सायराश म्हटलंय,
एकदा अनारा.
सायराश आत्या. अनारा आई,
तिला जाऊन तीन हिवाळे झाले.
पहिल्यांदा बुरमानं दुरुस्त केलं होतं.

एका यर्टपाशी कुरुत घेतलं,
खारट, खड्यासारखं, गालात धरून बसायचं.
समोर एक शिखर, उन्हात, अगदी एकटं.
याचं नाव काय, मी विचारलं.

खूप वेळ बघत राहिला.
"हे नवीन आहे," म्हणाला.

बुरमानं गियर टाकला.
"हो, आता."