कोरड्यावरची नाव

वूच या शहराच्या नावाचा अर्थ होडी.
नदी मात्र दिसत नाही. होत्या त्या शंभर वर्षांपूर्वी
गिरण्यांखालच्या नळांत कोंबल्या.
आमचं ऑफिस अशाच एका सूतगिरणीत, तिसऱ्या मजल्यावर.
भिंतीत अजून लोखंडी कड्या आहेत
आणि हीटर दुपारी दोनला बंद होतो. बचत.

मी बोग्ना. कार्डावर लिहिलंय निर्माती.
हातात कात्री.

चौदा माणसं, सव्वीस महिने आणि एक तक्ता,
त्यात प्रत्येक स्वप्नासमोर आकडा.
ड्रॅगन : दोन माणसं, चार महिने. खोडला.
पावसात ओला दिसणारा झगा : नाकापेक्षा मोती जड. खोडला.
घोडे : आधी हसलो, मग खोडले.
सगळी पात्रं बोलतील, असं वचन दिलं होतं
त्या दिवशी आमच्याकडे पैसे नव्हते,
म्हणून वचनं स्वस्त होती.

वित संवाद लिहितो. त्याला वाटतं, एक वाक्यच तर आहे.
पण म्हातारीनं एकदा विचारलं,
"भावाला सोडून आलास ना रे?"
की पुढची तीन गावं तिला ते लक्षात ठेवावं लागतं,
आणि तिची प्रत्येक आठवण
सात भाषांत जाते, शब्दाला इतके ग्रोश.
मी म्हणते, विसराळू कर तिला.
तो म्हणतो, विसराळू आपले गुंतवणूकदार आहेत,
म्हातारी नाही.

खेळणारे लिहितात.
एकशेवीस झ्लॉटी मोजलेत, आणि मागतात अख्खं जग.
"वीस वर्षांपूर्वी कुत्र्याशीसुद्धा बोलता यायचं."
यायचं, खरंय. मीही बोललेय,
आठवीत, आईच्या रात्रपाळीत, आवाज बंद ठेवून.
कुत्र्याला दोनच वाक्यं होती.
उरलेली चाळीस मी रचली
आणि आज शपथेवर सांगेन, ती पडद्यावर होती.

त्या चाळीस वाक्यांचं बिल कुणाच्या नावे फाडू?

मार्चमध्ये नदी गेली.
पाणी महाग : त्याचं वाहणं, त्यातली सावली,
पडलेल्या माणसाचं भिजणं.
नावाडी तेवढा राहिला, कारण रेडिओवर नाटकं करणारे
इरेनेउश काका त्याचा आवाज देऊन गेले होते आधीच,
एका दुपारी, थोडक्या पैशात,
वर दोन कप चहा आणि ट्रामचं तिकीट.
दिलेले पैसे वाया कसे घालवू?
नाव तशीच ठेवली, गवतात.
नावाडी तिच्यात बसून म्हणतो,
"चढा. पलीकडे नेतो."
पलीकडे काही नाही. तक्त्यात पलीकडची ओळच नव्हती.

खेळ निघाला. पहिला आठवडा शिव्यांचा.
घोडे कुठायत. घर विकत का घेता येत नाही.
शेवट तीनच?
सगळं बरोबर होतं. मी वाचत गेले,
उपस्थितीच्या वहीवर सही करावी तशी.

मग ओल्श्टिनहून एका मुलाचं नऊ पानांचं पत्र.
नदी चोरीला गेलीय, तो लिहितो.
दुसऱ्या गावच्या गिरणीवाल्यानं चोरली.
पुरावे : गोटे अजून गुळगुळीत आहेत,
म्हातारी मधेच विसरते, ती साक्षीदार आहे म्हणून,
आणि नावाड्याला नदी गेल्याचं
अजून कुणी सांगितलेलं नाही.

जुळत होतं. आमच्यापेक्षा जास्त जुळत होतं.
वित दोनदा वाचून गप्प बसला,
मग म्हणाला, आपण हेच तर म्हणत होतो.
मी म्हटलं, हो.

शेवटी त्यानं लिहिलं होतं :
पुढच्या भागात नदी परत आणा. वाट पाहतोय.
नाही आणलीत, तर माफ करणार नाही.

नवा तक्ता उघडला. पहिली ओळ : नदी.
पुढचा रकाना रिकामा ठेवून खाली उतरले.
सायकली लावतो तिथल्या जाळीखाली
एकदम शांत असलं की ऐकू येतं पाणी.
कुणीतरी तिच्यापुढेही आकडा लिहिला असणार,
दुपारी, हीटर बंद झाल्यावर.