बेचाळिसावी कडी

सकाळी पाणी उतरलं, आणि 'पोर्फियादा' वाळूत कलंडली
उजव्या कुशीवर, म्हातारी गाय बसावी तशी.
तिच्या नाकातून निघालेली साखळी
शेवाळातून, शिंपल्यांतून सरपटत
नांगरापर्यंत गेलेली.
मी वडिलांचे बूट चढवले,
दोन नंबर मोठे, पुढे लोकर कोंबलेले.
हातात पाच तास.
चिलोएच्या या किनाऱ्यावर समुद्र वेळ पाळतो,
माणसं नाही.

तारेचा ब्रश आचाओहून आणलेला.
दुकानदारीण म्हणाली, पितळी तारांचा ने, हाताला मऊ.
मी पोलादी घेतला.
गंजाशी गोडीगुलाबीनं बोलून
कधी कुणाचं काही सुटलंय?

आधी हातोडीचा बोथट ठोका.
पापुद्रे उडतात, जळक्या भाकरीचे असावेत तसे.
मग ब्रश. बाहेरची बाजू सोपी.
आतल्या बाजूला, जिथे कडी कडीला टेकते,
तिथे ब्रशही तिरका धरावा लागतो आणि मानही.
दहाव्या कडीला दातांत लोखंडाची चव.
विसाव्या कडीला नाकातून लाल.
येर्को, माझ्या बहिणीचा, नऊ वर्षांचा,
बादलीवर बसून विचारतो:
"गंज लोखंड खातो, तर त्याचं पोट कुठे असतं?"
"नसतं. म्हणून तर भरत नाही."
तो गप्प. मग, "आणि दात?"

एक्केचाळीस कड्या झाल्या.
बेचाळिसावी हाताला वेगळी लागली.
जरा लहान, पोटात आडवी दांडी.
आमच्या कड्यांना दांडी नाही.
दोघींच्या मध्ये नालासारखा एक सांधा,
त्याच्या खिळीला तांब्याची तार, हिरवी पडलेली.
मी घासत राहिले. खपली निघाली,
आणि कडेला तीन खाचा दिसल्या, छिन्नीनं पाडलेल्या.

या खाचा मला पाठ आहेत.
नांकुपेलांच्या मेंढ्यांच्या डाव्या कानावर आहेत,
त्यांच्या वल्ह्यांवर आहेत,
आणि त्या कुंपणाच्या खांबांवर
जे एका रात्रीत दीड हात आमच्याकडे सरकलं.
अकरा वर्षं आम्ही त्यांच्या दारावरून
मान दुसरीकडे करून जातो.
बाबा गेले तेव्हा त्यांनी बटाट्याचं पोतं पाठवलं,
दुसऱ्याच्या हाती.
आईनं ते डुकरांना घातलं.

साखळी दिली होती की उचलली होती?
बाबा बोलले नाहीत कधी.
उत्तरेचा वारा सुटला त्या हिवाळ्यात
सात होड्या फुटल्या, आमची राहिली.
आम्ही म्हणायचो: नाव पोर्फियादा, म्हणजे हट्टी,
म्हणून राहिली.

मी तार नखानं खरवडली.
पिळा उलटा होता.
बाबा उजवे. त्यांच्या हातचा पिळा मी लाख वेळा सोडवलाय.
या किनाऱ्यावर डावखुरा एकच,
आर्तेमियो नांकुपेल.
म्हणजे तो इथे आला होता,
त्या वाऱ्यात, कमरेएवढ्या पाण्यात,
आणि बोटं सुन्न असताना
ही तार त्यानं स्वतः पिळली होती.

येर्को म्हणतो, "थांबलीस का? आपल्या संपल्या?"
"आपल्या संपल्या."
"मग उरलेल्या?"
मी ब्रश बादलीवर झटकला.
तारा एका बाजूला झोपल्यात, कुत्र्यानं अंग चाटल्यासारख्या.
त्रेचाळीस. चव्वेचाळीस.
दांडीच्या कड्या घासायला जास्त जड,
दोन कोपरे जास्त, शिव्याही जास्त.

त्रेपन्नावी बोटाएवढी झिजलेली.
येत्या हिवाळ्यात पहिली तुटेल ती हीच.
हे कुणाला तरी सांगायला हवं,
आणि ज्याची कडी त्यालाच आधी सांगायची असते.

पलीकडे, ओढ्याच्या तोंडाशी, तो आहे.
उकिडवा बसून जाळं पाहतोय.
मघापासून पाहतोय त्यातलं तेच एक भोक.
पाणी परत फिरलंय.
वडिलांच्या बुटात शिरलंय,
लोकर फुगून बोटांना घट्ट धरते.
येर्को बादली उचलतो,
"घरी?"
मी त्रेपन्नाव्या कडीला चिंधी बांधते, लाल,
लांबूनही दिसेल अशी.
"तू हो पुढे," म्हणते.