सेटल्ड

देसले साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.
चष्मा आणला नव्हता मी,
मग त्यांनीच वाचलं:
भटू धुडकू बोरसे, सहाशे अकरा.

मला वाटलं विचारावं, कितीपैकी?

खिडकीत कुलर घरघरत होता.
त्याची मोटर मीच भरलीय, तांब्याच्या तारेनं,
ॲल्युमिनियम मी वापरत नाही.
एक पातं किंचित वाकलंय, मला ते ऐकू येतं.
साहेबांना नाही येत.
ते माझी पानं खाली खाली सरकवत होते:
मे, जून, जुलै, ऑगस्ट,
प्रत्येक महिन्यापुढे थकलेले दिवस,
तीस, साठ, नव्वद,
आणि मग नुसतेच तांबडे चौकोन.

"हे काय आहे?"

हे चाळीस कुलर आहेत, साहेब.
मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कर्जावर भरलेले,
पारोळा रोडच्या गाळ्यात, नवं गवत लावून,
पंपाला पाणी दाखवून ओळीनं उभे.
आमच्या धंद्याचं वर्ष अडीच महिन्यांचं.
त्या वर्षी धुळ्यात पारा पंचेचाळीसला गेला
आणि शटर खाली होतं.
एवढं ऊन आयुष्यात कधी
फुकट गेलं नव्हतं माझं.

यातलं काही मी बोललो नाही.
म्हणालो, "थोडी अडचण होती तेव्हा."

वसुलीचा पोरगा शिरपूरकडचा होता,
शिवी द्यायचा तीही "भाऊ" लावून.
एक दिवस म्हणाला, भाऊ, एक लाख दहा निघतात,
पंचेचाळीस भरा, विषय संपला.
उज्ज्वलानं पोत मोडली.
रात्री तिनंच शिरा केला.
विषय संपला म्हणून.

"संपत नाही," साहेब म्हणाले,
"क्लोज्ड पाहिजे. तुमचं सेटल्ड आहे."

सेटल.
लग्नात मामा याच शब्दावर उभे होते,
पोरगा सेटल शे, डोळा झाकीसन द्या.
साक्रीची मावशी दर हळदीला विचारते,
"भटू, सेटल व्हयना का रे?"
आता तिला सांगता येईल,
हो मावशी. सरकारी अक्षरात आहे.
सात वर्षं पुसणार नाही म्हणतात.

"राहिलेला फरक भरा, पत्र आणा, मग बघू."
पासष्ट हजार रुमालात बांधून
मी गल्ली नंबर पाचमध्ये गेलो.
कंपनीच्या जागी चष्म्याचं दुकान.
त्यानं नंबर तपासून दिला, दीड आहे म्हणाला.
कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतली, तिचं ऑफिस नाशिकला.
नाशिकची मुलगी फोनवर गोड बोलली:
"सर, तुमचं खातंच आमच्याकडे दिसत नाहीये."

दिसत नाही?
धुळ्यात तर ते
टेबलापलीकडून दिसतं, बाई,
चष्म्याशिवाय.

वलवाडीच्या त्या घराला दोन खोल्या आहेत.
उज्ज्वलानं पायऱ्या मोजल्यात, सतरा.
गच्चीवर पापडाची खाट मावते, हेही बघून आलीय
दोरी घेऊन, बिल्डरच्या माणसासमोर.
रुमाल तसाच आहे, डब्यात, तुरीच्या डाळीखाली.

परवा बँकेतून फोन आला.
मी चपला घालेपर्यंत तिनं देवाला हात जोडले.
कुलर बंद पडला होता.

उघडला, बेअरिंग बदललं,
आणि कुणी सांगितलं नसताना
ते पातं सरळ केलं अंगठ्यानं.
आठशे झाले.
देसले साहेब पाकीट काढत म्हणाले,
"आठशे कसले? पाचशेत मिटवून टाका, बोरसे."

म्हणताना त्यांना काही आठवलं नाही.
मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, खरंच नाही.

पाचशे घेतले.
वही मांडीवर ठेवून, नवा चष्मा लावून
त्यांच्या नावापुढे लिहिलं: पूर्ण जमा.

फाईलचं विचारायचं राहूनच गेलं.