आवक्रेफ्ते

ताईनं फोनवर एक क्रियापद पाठवलं,
ट्रोनहाइमच्या वृद्धाश्रमात नुकतंच शिकलेलं:
आवक्रेफ्ते.
म्हटलं, म्हणजे खोटं पाडणं?
नाही रे, पाडणं नाही.
त्यात बळ आहे, आणि ते काढून घेणं आहे.
आपल्या अवकळेतला अव असतो ना, तसलं काहीसं.
तिथं पेपरात येतं, डॉक्टरच्या चिठ्ठीत येतं.
आणि गंमत बघ,
नुसतं क्रेफ्त म्हटलं तर कॅन्सर.
मूळ वेगळं आहे म्हणतात,
पण कान फसतो.

इकडे विडी घरकुलात
आईच्या गळ्यापाशी बोराएवढी गाठ,
गल्लीत तिचा नारळ झालेला.
राजम्माला तंबाखूनं धरलं,
हे नळावर ठरलं, किराणा दुकानात पक्कं झालं.
समोरच्या यल्लूबाईनं आमचा चहा
"आत्ताच घेतला" म्हणत
तीन आठवडे परतवला.
आई बोलली नाही.
मांडीवर सूप, हातात कातर,
दिवसाला नऊशे, कधी आठशे सत्तर.
कारखान्यातला चेकर त्यातल्याही पन्नास
छाट म्हणून बाजूला काढतो,
कारण सांगत नाही.

सिव्हिलचा रिपोर्ट मंगळवारी आला.
इंग्रजीत तीन ओळी. गाठ साधी.
प्लास्टिकच्या पिशवीत घालून
मी तो दारोदार नेला, पडलेल्या उमेदवारासारखा.
आपण म्हणतो खोडून काढा,
पण खोडलेलं खाली दिसत राहतं.
म्हणतो फेटाळून लावा,
ते पुढच्या गल्लीत जाऊन बसतं.
यल्लूबाईनं कागद उलटा धरला, नीट बघितला.
"बरं झालं बाई. तरी जपा."
त्या 'तरी'त
सगळं बळ शाबूत.

रात्री ताईला विचारलं,
तुझ्या क्रियापदाला किती दिवस लागतात?
ती हसली. मग म्हणाली,
इथले पोलीस तर कधी कधी
दुजोराही देत नाहीत, आवक्रेफ्तेही करत नाहीत,
मधेच उभे राहतात.
व्याकरणात बसतं ते.

काल दुपारी लाइट गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम थांबले
आणि कातरीचा आवाज ऐकू आला.
एक नव्हे, दोन.
यल्लूबाई आमच्या उंबऱ्यात बसून
आईच्या सुपातली पानं कापत होती,
दोघी तेलुगूत, कुणाच्या तरी सुनेबद्दल.
मधे चहाचा कप. अर्धा.
कुणी पिऊन ठेवला कळेना.

मी विचारलं नाही.